नेपाळला नेमकं कधी जावं? मे, दिवाळी की चक्क पावसाळ्यात?

रानजाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंच लागतंय कारण घरात या विषयावरून दोन तट पडलेत. नेपाळला जायचंय. आम्ही दोघं, मुलगा सातवीत, आणि सासूबाई (वय ६८, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत, रोज सकाळी निम्मी पर्वती चढून येतात). सासूबाईंना मुक्तिनाथ करायचंय, पशुपतिनाथ तर आहेच. नवऱ्याला बर्फाचे डोंगर बघायचेत, "नुसते बघायचेत, चढायचे नाहीत" हे त्याने तीनदा बजावलंय. मुलाला गेंडा बघायचाय. मला विचाराल तर मला आठ दिवस स्वैपाक न करता कुठेही बसवा.

सुट्ट्या दोनच, मे आणि दिवाळी. मागच्या मे मध्ये माझी बहीण जाऊन आली, पोखऱ्यात तीन दिवस राहिली आणि एकही शिखर दिसलं नाही, शेवटी हॉटेलच्या रिसेप्शनला माछापुच्छ्रेचा (ते माशाच्या शेपटीसारखं शिखर) मोठा फोटो लावला होता त्याच्यापुढे उभं राहून सेल्फी काढून आली. एजंटने मात्र "मे एकदम पीक सीझन मॅडम" असं छातीठोक सांगितलं होतं. मग नेटवर शोधायला गेले तर कोणी ऑक्टोबर म्हणतंय, कोणी मार्च, एकाने तर जुलै लिहिलाय. नक्की कधी जायचं, आणि का ते पण सांगा, म्हणजे घरी नीट भांडता येईल.

कटिंगचहा
बाकीच्यांना नेपाळला पाठवा आणि तुम्ही आठ दिवस घरीच बसा. स्वैपाक बंद. धागा संपला.

भटक्या७८
कटिंग 😄

रानजाई, दिवाळी. डोळे झाकून दिवाळी. मी चार वेळा गेलोय, दोनदा ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा एप्रिल आणि एकदा (गाढवपणा) जून अखेर. पावसाने हवेतली सगळी धूळ खाली बसवलेली असते, आकाश निळंशार, आणि डोंगर असे काही जवळ येतात की पोखऱ्याजवळच्या सरांगकोटच्या टेकडीवरून हात लांब केला तर माछापुच्छ्रेच्या शेपटीला लागेल असं वाटतं. एप्रिलमध्ये मी घोरेपानीला होतो, पून हिल ३,२१० मीटर, पहाटे साडेचारला कुडकुडत वर चढलो, सूर्य उगवला, पण धौलागिरी म्हणजे दुधात पडलेली खडीसाखर, आहे असं वाटतं पण दिसत नाही. त्या ट्रिपमध्ये पैसे वसूल केले ते गुराँसने. म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन हो, तिकडे लालीगुराँस म्हणतात. अख्खी जंगलं लाल. आपल्याकडे पळस फुलतो तसा, पण पळसाचा पन्नास फुटी मोठा भाऊ म्हणा.

बहिणीला सांगा, ती एकटी नाही.

पाटणकरीण
मी पण मे वाली. सेम स्टोरी. नगरकोटला सनराइज पॉइंटवर दोनशे माणसं आणि समोर पांढरा पडदा. गाइड बोट दाखवून म्हणतो "यहाँ एवरेस्ट होता है". होता है!!

लिंबूसरबत
पण मग एव्हरेस्टवाले सगळे मे मध्येच कसे चढतात? दरवर्षी बातम्या मे मध्येच येतात ना. आमच्या ओळखीतल्या एकाने याच लॉजिकने मे चं बुकिंग केलंय.

पर्जन्यमापक
लिंबूसरबत, प्रश्न चांगला आहे, आणि एजंट लोकांचा "मे पीक सीझन" बहुतेक इथूनच आलाय. आठ हजार मीटरच्या वर वर्षातला बराच काळ जेट स्ट्रीम वाहत असतो, तो वारा माणूस उभा राहू देत नाही. मे च्या मध्यावर मान्सून यायच्या आधी हा पट्टा उत्तरेला सरकतो आणि शिखरावर काही शांत दिवस मिळतात, तीच ती वेदर विंडो. म्हणजे ८,८४८ मीटरवर काय चाललंय त्याची ती गोष्ट आहे. तुम्ही आम्ही ८०० मीटरवर पोखऱ्याच्या फेवा तलावात बोट वल्हवत असतो, तिथे त्याच महिन्यात शेतातला पाचोळा जाळल्याचा धूर, जंगलातले वणवे, गंगेच्या मैदानातून आलेली धूळ असं सगळं डोंगराच्या पायथ्याशी साचून राहिलेलं असतं. पाऊस पडेपर्यंत ते जात नाही. २०२१ मध्ये मार्चच्या शेवटी हवा इतकी वाईट झाली की नेपाळ सरकारने चार दिवस शाळा बंद ठेवल्या होत्या.

मे चा एक फायदा मात्र सांगतो. दुपारनंतर तिकडे वळीव येतो, गडगडाट, गारा, पोखऱ्याच्या गारा तर कुप्रसिद्ध. आदल्या संध्याकाळी असं झोडपून काढलं की दुसऱ्या दिवशी पहाटे तास-दोन तास सगळं लख्ख होतं. सात-आठच्या पुढे परत पडदा. बहीण तेव्हा झोपली असेल 😉

रानजाई
अहो खरंच झोपली होती, विचारलं मी. आदल्या रात्री गारा पडल्या म्हणून लाइट गेले होते आणि रात्रभर झोप झाली नाही म्हणून सकाळी नऊला उठली. आता तिला हे सांगायचं की नाही??

कटिंगचहा
अजिबात सांगू नका.

टकमकटोक
मी वेगळं मत मांडतो. आपण सह्याद्रीतली माणसं, आपण पावसातच फिरतो. हरिश्चंद्र, राजमाची, अंधारबन सगळं जून ते सप्टेंबर. मग नेपाळला पावसात जायला काय प्रॉब्लेम आहे? हॉटेलं स्वस्त, गर्दी शून्य, सगळीकडे हिरवंगार. जुलै लिहिणारा माणूस वेडा नाहीये. लोकं उगाच घाबरवतात.

भटक्या७८
टकमक, तो वर उल्लेखलेला गाढवपणा नेमका याच विचाराने केला होता. ऐका. घांद्रुकच्या खालच्या जंगलात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. जळवा. आपल्या कोयनेच्या रानात जळवा बघितल्यात ना, तसल्याच, पण इथे पानांच्या टोकावर उभ्या राहून आपल्या दिशेने डोकं हलवत वाट बघत असतात. पहिल्या दिवशी अकरा काढल्या, दुसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. चहाला थांबलो तिथल्या दिदीने मिठाची पुरचुंडी कापडात बांधून काठीच्या टोकाला लावून दिली, लागली की टेकवायची, लगेच सुटते. ते एक वेळ जाऊ दे. पाच दिवसात डोंगर किती दिसला तर एका पहाटे लघवीला उठलो तेव्हा अन्नपूर्णा साउथचा वरचा तुकडा दहा मिनिटं. बायकोला उठवेपर्यंत गायब. ती अजून म्हणते की मी थापा मारतोय.

बागमतीकाठी
नमस्कार. मी मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त सहा वर्षं काठमांडूत आहे. हा धागा वाचून राहवलं नाही.

टकमकटोक, पावसात इथे यायला हरकत नाही, पण कुठे यायचं ते कळायला हवं, कारण सह्याद्रीचा पाऊस आणि हा पाऊस यात फरक आहे. इथे मान्सून पूर्वेकडून शिरतो, कोशीच्या बाजूने, सरासरी तारीख १३ जून, आणि निघतो २ ऑक्टोबरच्या आसपास. वर्षाच्या पावसातला साधारण ऐंशी टक्के या चार महिन्यात. आता गंमत म्हणजे काठमांडूत तो बराचसा रात्री आणि संध्याकाळी पडतो. सकाळी उठावं तर अंगण ओलं, आकाश धुतलेलं, मी छत्री न घेता ऑफिसला जातो आणि परत येताना भिजतो हे सहा वर्षं चालू आहे. शहरात राहून पाटण, भक्तपूर, देवळं, म्युझियम बघणार असाल तर जुलै ऑगस्टसुद्धा चालतो. असार १५ ला (आपल्या २९ जूनच्या आसपास) सगळा देश भातलावणी साजरी करतो, चिखलात लोळवतात एकमेकांना, आणि दही-चिउरा खातात. दही-पोहेच ते. मी पहिल्या वर्षी ऑफिसात वाटी समोर आली तेव्हा म्हटलं गोपाळकाला जूनमध्ये कसा!

पण रस्त्यावर निघालात की कहाणी बदलते. काठमांडू-पोखरा जेमतेम दोनशे किमी, पण रुंदीकरणाची कामं आणि दरडी मिळून आठ-दहा तासपण लागलेत मला. मुग्लिन-नारायणगढ पट्टा तर पावसात जीव मुठीत धरून. १२ जुलै २०२४ ला सिमलतालला पहाटे दरड आली आणि दोन बसेस सरळ त्रिशूली नदीत गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली, ती पावसानेच असं मी म्हणत नाही, पण त्या आठवड्यात इथल्या मराठी लोकांचे फोन दिवसभर वाजत होते, कोणाला काय उत्तर द्यावं कळत नव्हतं. तेव्हापासून मला कोणी "जुलैत पोखऱ्याला टॅक्सीने जाऊ का" विचारलं की मी विमानाचं तिकीट काढा म्हणतो.

टकमकटोक
ओके, रस्त्याचं पटलं. पण दरडी आपल्याकडे पण पडतात. माळीण झालं, तळिये झालं, इरशाळवाडी झालं.

पर्जन्यमापक
पडतात, आणि म्हणूनच ते हलक्यात घेऊ नये. पण आपला काळा कातळ जुना आणि घट्ट आहे, त्यावरचा मातीचा थर सुटतो. हिमालय अजून वाढतोय, खडक भुसभुशीत, उतार उभे, त्यात २०१५ च्या भूकंपाने मध्य नेपाळातले कित्येक उतार खिळखिळे करून ठेवलेत. नद्या खालून पोखरतात ते वेगळंच.

अजून एक गोष्ट, जी महाराष्ट्रातल्या माणसाला सहज वापरता येते. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा एरवी गंगेच्या मैदानातून राजस्थान ते बंगाल असा असतो. तो कधीकधी उचलून थेट हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसतो. तेव्हा आपल्याकडे काय होतं, पाऊस दडी मारतो, पेपरात "पेरण्या खोळंबल्या", "बळीराजा चिंतेत" वगैरे मथळे येतात. आणि नेमका त्याच वेळी नेपाळ, उत्तर बिहार, आसाम झोडपून निघतो. म्हणजे मराठवाड्यात आठ दिवस ऊन पडलंय म्हणून खूश होऊन नेपाळच्या घाटात गाडी घालू नका, उलट तेच दिवस तिकडे सगळ्यात वाईट.

रानजाई
हे कुठल्याच ट्रॅव्हल ब्लॉगवर नव्हतं!! वाचनखूण साठवली.

आबा_सातारा
लेकरांनो, म्हाताऱ्याचा पण अनुभव ऐका. आम्ही सात-आठ जण रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली, असे श्रावणात गेलो होतो, पशुपतीला श्रावणी सोमवार साधायचा म्हणून. पहिली फजिती अशी की त्यांचा साउन महिना सूर्यावर चालतो, जुलैच्या मध्याला लागतो, आपला अमावस्येला. आम्ही पोचलो तेव्हा आमचा श्रावण नुकता लागलेला आणि त्यांचा संपत आलेला, बायका हिरव्या बांगड्या भरून शेवटचा सोमवार करून मोकळ्या. दुसरी फजिती बुटवलच्या पुढे. सिद्धबाबाचं देऊळ आहे तिथे कड्याखालून रस्ता जातो, वरून दगड येत होते म्हणून सगळ्या गाड्या थांबवलेल्या. अकरा तास गाडीत. शेजारच्या ट्रकवाल्याने मक्याची कणसं भाजली ती खाल्ली. ड्रायव्हर मधून मधून खाली उतरून डोंगराकडे बघायचा, हात जोडायचा आणि परत येऊन बसायचा. आम्हीपण जोडले.

सूनबाई, सासूबाईंना पावसात नेऊ नका, बाकी तुमची मर्जी.

बागमतीकाठी
आबा, सिद्धबाबाला आता बोगद्याचं काम चालू आहे. पण दगडांना ते अजून कळलेलं नाही.

टकमकटोक
बरं, शरण आलो. पण वर "कुठे यायचं ते कळायला हवं" म्हणालात. म्हणजे पावसात जाण्यासारखी जागा आहे तर?

बागमतीकाठी
आहे की. मुस्तांग आणि डोल्पो. हिमालयाच्या पाठीमागे. पोखऱ्याजवळ लुम्ले म्हणून गाव आहे, अन्नपूर्णेच्या अगदी पोटाशी, तिथे वर्षाला पाच हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, देशात सगळ्यात जास्त. तिथून सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किमीवर जोमसोम, तिथे तीनशेच्या आतबाहेर.

पर्जन्यमापक
महाबळेश्वर आणि वाई. फक्त मध्ये आठ हजार मीटरची भिंत.

बागमतीकाठी
अगदी. म्हणून लो मान्थांगला (अपर मुस्तांगचं जुनं गाव) लोकं जून ते ऑगस्ट जातात, तिथे तेव्हा सीझन असतो, उवा पिकतं, म्हणजे एक प्रकारचं जव. घरांची छपरं सपाट मातीची, पाऊसच नाही तर उतार कशाला! पण दोन गोष्टी. एक, अपर मुस्तांगला वेगळा परवाना लागतो, डॉलरात, महाग. दोन, तिथे जायचा रस्ता त्या पाच हजार मिमी वाल्या भागातूनच वर जातो, बेनी-तातोपानी-घासा. म्हणजे घर कोरडं, पण अंगणात चिखल. आणि पोखरा-जोमसोम विमानं ढगामुळे रद्द होत राहतात. रानजाईंच्या सासूबाईंचं मुक्तिनाथ याच वाटेवर आहे, तेव्हा त्यांच्यासाठी पावसाळा बाद.

रानजाई
चला, जुलै बाद, मे बाद (बहिणीच्या स्मरणार्थ). दिवाळी उरली. यंदा दिवाळी नोव्हेंबरात आहे, लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज घरी करून निघायचं म्हणतोय, म्हणजे १२ नोव्हेंबरच्या पुढे दहा दिवस. फार थंडी होईल का? आणि ऑक्टोबरमध्ये दसऱ्याला जोडून गेलं तर जास्त चांगलं का?

पाटणकरीण
दसऱ्याला नको गं. माझी नणंद अडकली होती. तिकडे दशैं म्हणजे आपली दिवाळी, गणपती आणि शिमगा एकत्र केल्यासारखं, घटस्थापनेपासून पौर्णिमेपर्यंत. अख्खं काठमांडू गावाला जातं, बसच्या टपावर माणसं, आणि शहरात दुकानं बंद. मोमो मिळेना 😭

पर्जन्यमापक
ऑक्टोबरचा पहिला आठवडा माझ्या मते आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काठमांडू खोऱ्यात असा पाऊस झाला की बागमती आणि नख्खू खोला शहरात घुसल्या, देशभरात दोनशेच्या वर माणसं गेली. मान्सून परतायच्या तोंडावर होता. २०२१ ला तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर पाऊस आला, पश्चिम नेपाळात कापून ठेवलेला भात शेतात तरंगत होता.

आणि २०१४ विसरू नका. हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला किनाऱ्यावर आलं १२ ऑक्टोबरला, दोन दिवसांनी त्याचं उरलंसुरलं बाष्प हिमालयावर जाऊन बर्फ होऊन पडलं. थोरोंग ला खिंड, ५,४१६ मीटर, ऐन सीझन, ऐन गर्दी, सकाळी लोक निघालेले. चाळीसच्या वर मृत्यू झाले, ट्रेकर, गाइड, पोर्टर, याक चारणारे. ती खिंड उतरली की खाली मुक्तिनाथच येतं.

म्हणून माझा एक साधा नियम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात काही शिजतंय अशी बातमी आली की पुढचे चार दिवस उंचावर जायचं नाही. वादळ आंध्रात आहे, आपल्याला काय, असं म्हणू नका.

नोव्हेंबर मध्य मात्र उत्तम. कोरडं, स्वच्छ, गर्दी ओसरलेली.

भटक्या७८
थंडीबद्दल: काठमांडूत दिवसा स्वेटर काढाल, रात्री घालाल. जोमसोमला रात्री शून्याखाली. मुक्तिनाथ ३,८०० मीटरच्या आसपास, तिथे सकाळी नळाला बर्फ धरलेला असतो. हॉटेलात हीटर असेल हे गृहीत धरू नका, गरम पाण्याची रबरी पिशवी पुण्याहूनच न्या, टीहाऊसवाले (वाटेवरची छोटी राहण्या-जेवणाची घरं) उकळतं पाणी देतात, पैसे घेऊन.

आणि सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, थंडीपेक्षा उंची. पोखरा ८२० मीटर. बरेच टूरवाले पहिल्या दिवशी जोमसोम आणि दुसऱ्या दिवशी मुक्तिनाथला मुक्काम देतात. मुक्काम वर करू नका. जाताना जीपने सावकाश, एक रात्र कालोपानी किंवा मार्फाला, एक जोमसोमला, मग सकाळी वर जाऊन दर्शन आणि दुपारी खाली. डोकं दुखलं, मळमळलं तर "देवाच्या दारातून परत कशी जाऊ" हे चालू द्यायचं नाही, खाली आणायचं. बीपीची गोळी आहे म्हणता तर डॉक्टरांना आधीच विचारा.

बागमतीकाठी
यात भर. जोमसोमचा वारा. धौलागिरी (८,१६७) आणि अन्नपूर्णा (८,०९१) यांच्या मधून कालीगंडकी जाते, जगातल्या सगळ्यात खोल दऱ्यांपैकी एक. सकाळी दहा-अकरा वाजले की वरचं पठार तापतं आणि खालची हवा त्या फटीतून धावत सुटते. रोज. वर्षभर. विमानं म्हणून सकाळीच उडतात. दुपारी नदीपात्रात शाळिग्राम शोधायला उतरलात तर वाळूने तोंड भरेल. सासूबाईंना सांगा, शाळिग्राम सकाळी नऊच्या आत.

बाकी: विमानाने येत असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र ठेवा, १५ ते ६५ वयात आधार चालत नाही, दरवर्षी कोणीतरी दिल्लीत काउंटरवर रडत असतं. दिल्ली-काठमांडू डाव्या बाजूची खिडकी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ.

लिंबूसरबत
आणि गेंडा??

बागमतीकाठी
अरे हो. गेंड्याचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण वाईट बातमी आहे. नोव्हेंबरात चितवनच्या अभयारण्यातलं गवत हत्तीच्या पाठीइतकं उंच असतं. साधारण जानेवारीत गावकऱ्यांना छपरासाठी खर-खडई कापायला आत सोडतात, उरलेलं जाळतात, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळ्या फुटव्यावर गेंडे उघड्यावर येतात. ती गेंड्याची वेळ. डिसेंबर-जानेवारीत पण नको, तराईत (खालच्या सपाट पट्ट्यात) धुकं असं असतं की समोरची बैलगाडी दिसत नाही, आणि गोरखपूरच्या रेल्वे आठ-आठ तास लेट. म्हणजे आजी, बाबा आणि मुलगा यांचं एका ट्रिपमध्ये पूर्ण समाधान व्हायचं नाही. कोणाला तरी माघार घ्यावी लागेल.

रानजाई
मुलगा घेईल. आयुष्य पडलंय त्याचं.

कटिंगचहा
गेंड्यासमोर माघारच घ्यावी.

रानजाई
धागा वर काढतेय. परवाच परत आलो, कपडे अजून धुवायचेत, पण तुमच्याशिवाय हे झालं नसतं म्हणून लिहितेय.

आधी नवऱ्याचं. पोखऱ्यात तीनही सकाळी सगळं दिसलं. सगळं. इतकं की तिसऱ्या दिवशी मी उठवलं तर "कालचंच आहे ना?" म्हणून कूस बदलली. दिल्लीहून येताना डाव्या खिडक्या मिळाल्या, सासूबाईंनी ढगांच्या वर ती पांढरी रांग बघितली आणि आधी त्यांना ते पण ढगच वाटले.

जीपने गेलो, मार्फाला एक रात्र, जोमसोमला एक. रस्ता हाडं खिळखिळी करणारा पण कोरडा होता, रुप्से धबधब्याच्या जवळ पावसाळ्यात वाहून गेलेला भाग नुसताच दगड टाकून जोडलेला, तो ओलांडताना जुलैचा विचार मनात आला आणि टकमकटोक यांची आठवण झाली. वारा बरोबर पावणेअकराला सुरू झाला, मी घड्याळ बघितलं. नवऱ्याची टोपी गेली, कालीगंडकीला अर्पण.

मुक्तिनाथला जीपतळापासून सासूबाई चालत गेल्या, घोडा नको म्हणाल्या, दर वीस पावलांवर थांबून. त्या १०८ धारा आहेत ना, बैलाच्या तोंडाच्या, लोकं त्याखालून पळत अंघोळ करतात, अंगातून वाफा निघत होत्या. कडेला बर्फ. आम्ही त्यांना सक्त ताकीद दिली होती. त्यांनी अंघोळ केली नाही, पण प्रत्येक धारेखाली एक बोट धरून मोठ्याने मोजत गेल्या, साठाच्या आसपास मागून कोणीतरी ढकललं आणि आकडा चुकला, तर परत एकपासून. दुसऱ्या फेरीला बोट लालबुंद. डोकं थोडं दुखत होतं हे त्यांनी खाली जोमसोमला येऊन चहा पिताना सांगितलं, आधी नाही. भटक्या, तुम्ही म्हणाला होतात तसंच, वर मुक्काम ठेवला नव्हता ते फार बरं झालं.

गेंडा: दोन कान आणि एक बगळा. बगळा गेंड्याच्या पाठीवर बसला होता असं गाइड म्हणाला. पाठ गवतात. मुलगा आता रोज विचारतो फेब्रुवारीत किती सुट्ट्या आहेत.

आबा_सातारा
सूनबाई, सासूबाईंना आमचा नमस्कार सांगा. परत मोजल्या हे वाचून बरं वाटलं.

कटिंगचहा
आणि तुमचं काय? आठ दिवस स्वैपाक बंद?

रानजाई
सात. मार्फाला सासूबाईंना दालभात बघून रडू येईल असं झालं, सलग पाचवा दिवस होता. मग टीहाऊसच्या दिदीला विचारलं आणि तिच्या चुलीवर पिठलं केलं. बेसन तिच्याकडेच होतं, कोथिंबीर नव्हती, तिने काहीतरी रानातलं हिरवं टाकलं, अजून नाव कळलं नाही. बाहेर वारा सुटलेला, दार आपटत होतं, आणि आत तिची दोन मुलं, जीपचा ड्रायव्हर आणि आम्ही सगळे पिठल्यात फाफरची (म्हणजे कुट्टूची) भाकरी बुडवून खात होतो. बागमतीकाठी, ते हिरवं काय असेल? चव जरा लसणासारखी.

बागमतीकाठी
जिम्बू. तिकडच्या डोंगरातली पात, वाळवून फोडणीला घालतात. हिरवी मिळाली म्हणजे नशीबवान आहात. काठमांडूत वाळलेली मिळते, पुढच्या वेळी नाशिकला येताना पुण्यापर्यंत आणून देतो.